छबी झोपलीय, हळू बोला

खटावकर भावजींच्या घरी रात्रीची जेवणं उरकली की मोठ्यानं बोलायची सोय नाही. ताटं घासायला टाकायची तीसुद्धा बेतानं. कुणाच्या हातून चमचा जरी निसटला, तरी भावजी डोळे वटारून तोंडावर बोट ठेवतात.

"वैनी, हळू! छबी आडवी झालीया."

छबी म्हणजे त्यांचं हातातलं घड्याळ.

भावजी म्हणजे नात्यातले नव्हेत हं. आमचे हे आणि खटावकर हवाई दलात बरोबरच भरती झाले, बरोबरच निवृत्त झाले आणि दोघंही चंदीगडलाच राहिले. इथली हवा मानवली म्हणतात. मला विचाराल तर दोघांना परत जायचा कंटाळा आला. तीन मजली इमारत आहे, वर आम्ही, मधे ते. भावजी मूळचे खटावचे, बोलणं अजून तिथलंच. बायको शालन, माझ्यापेक्षा चार बोटं उंच आणि दसपट शांत. त्यांना मूलबाळ नाही. हे मी एका वाक्यात सांगून पुढं जाते, कारण ती दोघंही इतकी वर्षं असंच पुढं जात आली आहेत.

तर छबी. आता बघा, मराठीत घड्याळ म्हणजे 'ते'. ना बाई, ना बाप्या. पण भावजी भरती होऊन अंबाल्याला आले, तिथं सगळे म्हणायला लागले, घड़ी चलती है, घड़ी रुकती है. "आगगाडीतनं उतरलो आन माझं घड्याळ बाई झालं बगा," असं भावजी अजून नवलानं सांगतात. "मग बाईमाणसाला नाव नको?" नाव शालननं ठेवलं.

हे किल्लीचं घड्याळ. आत सेल नाही, नुसती चाकं आणि स्प्रिंग. असं घड्याळ रात्री कुठल्या अंगावर ठेवता त्यावर त्याची चाल बदलते, हे भावजींचं ब्रह्मज्ञान. आधी मला वाटायचं, निवृत्त माणसाला काहीतरी चाळा हवा. पण नाही हो, मी स्वतः ताडून बघितलंय. छबी उताणी, म्हणजे तबकडी वर करून ठेवली, की रात्रीतून जरा पुढं पळते. कुशीवर, म्हणजे किल्ली वर येईल अशी ठेवली, की रेंगाळते. मग भावजी रोज निजायच्या आधी टीव्हीवरच्या वेळेशी तिला ताडून बघतात. दिवसभरात पुढं गेली असेल तर कुशीवर. मागं पडली असेल तर उताणी. सकाळी बाई वेळेवर! काट्यांना हात लावायचं कामच नाही.

"औषध न्हाई, गोळी न्हाई," भावजी म्हणतात. "नुसतं अंग बदलायचं. पण परत्येकीची खोड न्यारी असती वैनी. दुसऱ्याची कुशीवर पळंल, आपली कुशीवर थांबंल. आपली आपण वळखायची."

पालथी मात्र कध्धीच नाही. एक तर काचेला चरे पडतात. "आन दुसरं म्हंजे, कुणाला तोंड खाली घालून पडलेलं मला बगवत न्हाई."

तिचं अंथरूण म्हणजे चष्म्याच्या जुन्या डबीत मऊ फडकं. थंडीच्या दिवसांत डबी खिडकीतून हलवून कपाटात, कारण इथल्या जानेवारीत फरशीवर पाय ठेवला तरी मेंदूपर्यंत कळ जाते, मग घड्याळाचं तेल काय घेऊन बसलात. मोबाइल, स्पीकर, फ्रिज यांच्या जवळपास तिला ठेवायचं नाही. लोहचुंबकाचं वारं लागलं की बिघडते. मला हे ठाऊक नव्हतं तेव्हा मी एकदा सहलीहून शालनला फ्रिजवर लावायचं लोहचुंबकाचं फुलपाखरू आणलं. भावजींनी ते चिमट्यात धरून, हात लांब करून, बाल्कनीत नेऊन ठेवलं. बॉम्ब निकामी करणारी माणसं अशी चालत असावीत. ते फुलपाखरू अजून तिथंच आहे, बाहेरच्या लोखंडी नळाला चिकटून.

बरं, हे ज्ञान घड्याळापुरतं राहिलं असतं तरी चाललं असतं. माझी पाठ धरली तेव्हा भावजी गंभीरपणे म्हणाले, "वैनी, तुमी उताण्या झोपता. म्हनून तुमची जीभ पुढं पळती. चार दिस कुशीवर झोपून बगा." आणि यांच्याकडे बोट दाखवून, "ह्यो जल्मजात मागं पडणारा. ह्याला उताणाच टाका."

यांच्या हातात मुलानं पाठवलेलं नव्या तऱ्हेचं घड्याळ आहे. ते मधेच थरथरतं आणि 'उठा, चाला' म्हणतं. हे बिचारे जेवता जेवता उठून उभे राहतात. भावजींना ते बघून मनापासून वाईट वाटतं. "घड्याळानं मानसाला उठवायचं नसतं रे. मानसानं घड्याळाला झोपवायचं असतं."

एकदा छबीची किल्ली सैल झाली म्हणून भावजी आणि मी इथल्या मनीमाजऱ्याच्या बाजारात गेलो. पहिल्याच दुकानदारानं तिला न बघताच विचारलं, "सेल डाल दूं, अंकलजी?"

भावजी ताठ झाले. "इसमें सेल नहीं है. जान है."

"अंकलजी," तो हसत म्हणाला, "जान तो सेल में ही होती है."

झालं! पुढचं दुकान सापडेपर्यंत, आणि ते सापडल्यावर, आणि परतताना रिक्षात, भावजी तेवढंच बोलत होते. "म्हनं जान सेलात असती. सेलात!"

तर अशी सगळी मजेत चाललेली गाडी. दिवाळीनंतर खालच्या रिकाम्या मजल्यावर बीजी राहायला आल्या. नाव असेल काहीतरी, पण सगळे बीजीच म्हणतात. एकट्याच. मुलगा, सून, नात, सगळी कॅनडात. सकाळी अंगणात उन्हाला खुर्ची टाकून बसायच्या, मांडीवर लोकर, हातात सुया, आणि येणाऱ्याजाणाऱ्याची आपुलकीनं चौकशी. माझं त्यांच्याशी लगेच जमलं. दोन बोलक्या बायकांना भाषा कशाला लागते?

एके दिवशी मी भाजी घेऊन येत होते, तर बीजींनी विचारलं, "छवि कैसी है जी?"

मला वाटलं, वा, भावजींनी यांनाही नादाला लावलं! मी म्हटलं, "एकदम ठीक चल रही है, बीजी."

सुया थांबल्या. "हाय रब्बा! चलण वी लग पई? एनी छोटी?"

एवढीशी असून चालायला लागली? कोण? मी पिशवी खाली ठेवली. मग हळूहळू सगळा उलगडा झाला. रात्री कुणी गाडीचा हॉर्न वाजवला की भावजी बाल्कनीतून ओरडतात, "धीरे भाई, छबी सो रही है!" सकाळी पेपरवाल्याला सांगतात, "कल सीधा सुलाया तो भागी, आज करवट पे सुलाया, तब ठीक." हे सगळं खाली बीजींच्या कानांवर. शालनची शालिनी केली होती तशी त्यांनी छबीची छवि केली आणि बाकीचं मनानंच जुळवलं. लेक कॅनडात असणार, कामाला जात असणार, तान्ही पोर आजी-आजोबांकडे आणून सोडली असणार. इथं त्यात नवल काहीच नाही, दर दोन घरांआड एक असं बाळ असतं. बाळ दिसत कसं नाही? तर थंडी आहे, नजर लागते, बाहेर काढत नाहीत ते योग्यच. आणि रडत कसं नाही?

"बड़ी सयानी है," बीजी कौतुकानं म्हणाल्या. मग मांडीवरची लोकर उलगडून दाखवली. गुलाबी स्वेटर होता. माझ्या दोन तळव्यांत मावेल एवढा, एका बाहीचं काम तेवढं राहिलेलं. "पहली लोहड़ी है उसकी. मैंने सबको कह दिया है. आग हम छवि के नाम की जलाएंगे."

लोहडी म्हणजे संक्रांतीच्या आदल्या रात्रीची इथली होळी, आणि घरात नवं बाळ आलं की त्याची पहिली लोहडी म्हणजे मोठा सण. शेजारपाजार सगळा गोळा होतो. मला हसू आवरेना. तशीच जिना चढून खटावकरांच्या घरात शिरले. शालन बाजारात गेली होती. भावजी खिडकीशी बसून छबी पुसत होते. मी पदर तोंडाला लावून सगळं सांगितलं. स्वेटरपर्यंत आले तेव्हा तर मला बोलवेना.

भावजी हसले नाहीत.

"मला म्हाईत हाय वैनी," ते म्हणाले. "कवापास्नं म्हाईत हाय."

"अहो, मग सांगून टाकायचं नाही का?"

ते काच पुसत राहिले. काच लख्ख होती.

"त्या दिशी बीजींनी खालनं हाक मारली. शालिनी जी, बच्ची सो गई? मला हसू फुटलं. मी आता सांगणार, तंवर शालन कठड्यावनं वाकली आन म्हनली, हां जी, सो गई." भावजींनी फडकं बाजूला ठेवलं. "वैनी, लगीन झाल्यापास्नं तिला हे कुणी इचारलंच नव्हतं. आन तिनं जवाब दिला. असा दिला, जसा रोजच देती. मग मी कोन खोडणारा?"

मी पदर खाली घेतला.

"आता रोज इचारत्यात. रोज सांगती. त्या वक्ताला बरोबर बाल्कनीत जाऊन हुबी ऱ्हाती, कापडं काढायच्या निमतानं. कापडं नसली तरी."

"मी बीजींना हळूच समजावते," मी म्हटलं. "लोहडीला चारचौघांत शालनचं हसं व्हायला नको."

"तेच तर. हसं झालेलं बगवणार न्हाई मला. पन तुमी सांगितलंत, तर बीजी इचारायच्या बंद व्हतील." आणि मग हा घड्याळाला कूस शिकवणारा माणूस माझ्याकडे बघून म्हणाला, "ह्याला कुठल्या अंगावर ठेवू, सांगा."

मी खाली राहिलेली पिशवी आणायला गेले. आणि बघा, बीजींना नुसतं 'स्वेटर बहुत अच्छा है' एवढंच सांगून आले, मी!

लोहडीची संध्याकाळ आली. इमारतीसमोरच्या बागेत लाकडं रचली, रेवड्या, शेंगा, तिळाची गजक यांची ताटं भरली. कुणीतरी ढोलवालासुद्धा बोलावला होता. भावजी कोट घालून आले, डावा हात खिशात खुपसलेला. शालन शेजारी, नवी शाल पांघरून. यांनी तर घड्याळानं दोनदा 'चाला' सांगूनही जागचं हलायचं नाकारलं.

आग पेटली आणि बीजी स्वेटर घेऊन पुढं झाल्या. "लाओ जी, किथे है साडी छवि?" साडी म्हणजे इथं 'आपली'.

"ठंड है जी," भावजी घाईनं म्हणाले. "बहुत ठंड है. वो, मतलब, अंदर..." खोटं बोलायची सवय नाही माणसाला. त्यांचं हिंदी तिथंच संपलं.

शालननं त्यांच्याकडे बघितलं. मग त्यांचा खिशातला हात बाहेर काढला, पट्टा सोडवला आणि छबी बीजींच्या तळव्यावर ठेवली.

"यही है, बीजी," ती म्हणाली. आवाज स्वच्छ होता. "और कोई नहीं है जी हमारे घर में. मैं ऐसे ही हां बोलती थी."

ढोलवाला थांबला. शेंगा फोडणारे हात थांबले. भावजींचा मोकळा हात तसाच हवेत राहिला होता, मनगटावर पट्ट्याचा पांढरा वळ.

बीजींनी हातातल्या घड्याळाकडे बघितलं. मग शालनकडे. मग छबी उचलून कानाला लावली आणि डोळे मिटून ऐकत राहिल्या.

"दिल तां चलदा ए," त्या म्हणाल्या.

मूठभर तीळ-शेंगा घेतल्या, घड्याळावरून ओवाळल्या आणि आगीत टाकल्या. "पहली लोहड़ी है. शगुन तो होगा ही." मग तो इवलासा स्वेटर छबीभोवती गुंडाळला, जरा लांब धरून बघितला. "खुल्ला है थोड़ा. कोई ना. बच्चे वधदे ने."

मुलं वाढतात म्हणे! आधी शालन हसली. मग मी. मग सगळी बाग. ढोल वाजायला लागला आणि भावजी नाचले हो, वय विसरून, दोन्ही हात वर करून. डोळे धुरानं लाल झाले असं त्यांनी नंतर सगळ्यांना वेगवेगळं जाऊन सांगितलं.

चष्म्याची डबी आता रिकामी असते. छबी गुलाबी स्वेटरमध्ये झोपते. आणि जेवणं झाली की खालून अजून रोज हाक येते, "शालिनी जी, छवि सो गई?" शालन कठड्यावरून वाकते. "हां जी, सो गई." मग ती विचारते, "आपकी?" बीजी कॅनडातल्या नातीचं सांगतात, तिथं आत्ता सकाळ आहे, शाळेत निघाली आहे. कुणाला घाई नसते.

परवा सकाळी भावजी फिरायला उशिरा आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आमचे हे फाटकाशी मनगट पुढं करून उभे, इतक्या वर्षांचं उट्टं काढायला. "काय खटावकर? छबी मागं पडली?"

भावजींनी तिच्याकडे बघितलं. ताडून बघायला फोनही मागितला नाही.

"रातच्याला शालन झोपवती आता," ते म्हणाले. "उताणी ठेवती का कुशीवर, मी इचारत न्हाई. पडली आसंल मागं. पडू दे."