मोटारीचं दावं

सखाराम नानांनी माझ्या मोटारीचे दात पाहिले होते. थट्टा नाही! बॉनेट उघडून मान आत घातली आणि म्हणाले, "वय झालंय, पर दाढा शाबूत हैत."

नाना भाटघरचे. बैल पारखावा तर नानांनीच, अशी अख्ख्या भोर संस्थानात ख्याती. मी भोरात नवा डॉक्टर. वेल्ह्याकडच्या अडलेल्या बाळंतिणींपर्यंत वेळेत पोचायला मोटार हवी होती आणि चालवण्यापलीकडे मोटारीतलं मला ओ की ठो कळत नव्हतं. लोक म्हणाले, नानांना न्या. मीही शहाणा, नेलं!

शिवऱ्याचे एक म्हातारे ओव्हरसियर आपली जुनी मोटार विकत होते. नानांनी आधी चाकांना लाथा घातल्या. "गार हाय तवाच चालू करा. तापलेलं जनावर खोड लपवतं." मग पालथे पडून खालून पाहिलं. "गळत न्हाई." शेवटी त्यांचा ठरलेला प्रश्न, "चांगली हाय, तर इकता का?"

"नजर अधू झाली हो," ओव्हरसियर म्हणाले आणि मोटारीवरून हात फिरवत राहिले.

"घ्या डाक्तर," नाना एकदम म्हणाले.

ओव्हरसियरांनी स्वतः पुढून लोखंडी हँडल मारून मोटार सुरू करून दिली. कापूरहोळ मागं पडलं आणि चढावर माझ्या हातून ती बंद पडली. हँडल फिरवल्याशिवाय आता ढिम्म हलणार नव्हती. सीटखाली शोधलं, मागं शोधलं.

"नाना, हँडल कुठंय?"

"मालकाला दिलं की. बैल इकला तर दावं मालकानं ठिवायचं असतंय. न्हाईतर घरची लक्ष्मी जाती. एवढं बी ठावं न्हाई व्हय तुमाला?"

माझं डोकंच फिरलं. "अहो, ही मोटार आहे! उद्या एखादी बाई अडली, तर तिच्या घरच्यांना काय दाव्याची गोष्ट सांगू?"

नाना रस्त्याकडेच्या दगडावर जाऊन बसले.

"धरणात रान गेलं. वैरण कुठनं आणू? जोडी इकली. दोन दावी ऱ्हायली खुंटीला. रोज उठून हात लावतो त्यास्नी. घरात दुसरं हाय कोन? त्या म्हाताऱ्याचा हात बगितला न्हवं तुमी? मोकळ्या हातानं कसं ठिवायचं त्याला?"

माझा राग कुठल्या कुठं गेला.

येणाऱ्या एका बैलगाडीला बांधून मोटार भोरात आणली. शिवऱ्याला माणूस पाठवला असता तर दुसऱ्या दिवशी हँडल आलं असतं. मी लोहाराकडून नवं घडवून घेतलं. तोवर चार दिवस भाड्याच्या तट्टावरून वेल्ह्याच्या वाटेवर हाडं खिळखिळी करून घेतली, पण शिवऱ्याला निरोप धाडला नाही.