पाठ दाव बघू

नीलाक्का पहिल्यांदा आमच्या घरी आल्या तेव्हा त्यांनी माझ्या बायकोला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, चहाला हो-नाही काही म्हटलं नाही. रेडिओवर घातलेला रुमाल उचलला, उलटा केला आणि दारापाशी उजेडात नेऊन मागची बाजू न्याहाळत उभ्या राहिल्या. रुमाल कुसुमनं लग्नाआधी भरला होता. दोन पोपट आणि मधे एक पेरू. पुढून पोपट बरे होते. मागून काय आहे ते बघायचं मला कधी सुचलंच नव्हतं. मागे दोऱ्यांचा नुसता गुंता होता.

"पोपट मागनं मेलेत की," नीलाक्का म्हणाल्या, रुमाल परत जागेवर घातला आणि शांतपणे चहा प्यायल्या.

कुसुम दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. त्यात माझा काय गुन्हा होता ते मला अजून कळलेलं नाही.

आम्ही तेव्हा नुकतेच बार्शीहून सोलापूरला आलो होतो. मी गणिताचा मास्तर. एका माळवदाखाली दोन बिऱ्हाडं, मधे भिंत. भिंतीच्या अलीकडे आम्ही, पलीकडे एकट्या नीलाक्का. घरी कानडी, बाहेर मराठी, आणि रागावल्या की दोन्ही एकदम. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग आणि तोंडात कायम एकच वाक्य, "पाठ दाव बघू." कुणाचंही कापड दिसलं की त्या उलटं करायच्या. शिंप्याला त्यांचा धाक होता. एका लग्नात त्या थेट नवरीपाशी गेल्या आणि तिचा पदर उलटा करून बघू लागल्या. नवऱ्याकडच्या बायकांना वाटलं, इकडची काहीतरी रीत असेल. त्याही मागे रांगेत उभ्या राहिल्या आणि एकेकीनं पदर उलटा करून बघितला. माझी गृहपाठाची वहीसुद्धा सुटली नाही. पान उलटून मागून बोट फिरवत म्हणाल्या, "लई दाबून लिवता गुरुजी. रागीट हाय तुमी." कुसुम आतून हसली. मला ते आवडलं नाही.

त्या कापडाची पाठ बघायच्या त्याला कारणही होतं. त्यांच्या माहेरी कानडी कशिदा भरायचे. त्यात कापडावर आधी काही काढायचं नाही, सगळं धागे मोजून. एका अंगानं टाके घालत जायचं, त्याच वाटेनं परत यायचं आणि मधल्या मोकळ्या जागा भरत यायच्या. गाठ मारायची नाही. पुढून गोपूर दिसलं तर मागूनही तेच गोपूर दिसलं पाहिजे. "गाठ मारली की चोरी केली," असं त्या म्हणायच्या.

एवढं सगळं होतं, पण बाईंच्या स्वतःच्या हातचा एक टाका गल्लीत कुणी बघितला नव्हता. एकदा कुसुमनं पोपटांचा राग काढायला विचारलंच, "अक्का, तुमचं काही भरलेलं असेल की. पाठ दाखवा बघू." नीलाक्का उठून गेल्या. मग शेजाऱ्यांकडून कळलं. अकरा वर्षांपूर्वी त्यांच्या एकुलत्या एका मुलीनं, महानंदानं, एका तेलुगू विणकराच्या मुलाशी लग्न केलं. ती पाया पडायला आली तेव्हा नीलाक्का तिच्याच लग्नासाठी काळ्या इरकल साडीवर कशिदा भरत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही. मुलगी थोडा वेळ उभी राहिली आणि गेली. नीलाक्कांनी सुई काढली, साडी ट्रंकेत टाकली, हातात होतं-नव्हतं तेही सगळं टाकलं. त्यानंतर सुईला हात नाही. मुलगी याच गावात, टांग्यानं वीस मिनिटांवर. जाणं-येणं बंद.

फाल्गुनात कासार बांगड्या घेऊन आला. तो आई आणि मुलगी, दोघींच्याही घरी जायचा. नीलाक्कांच्या हातात बांगडी चढवायची नसली तरी तो त्यांच्या ओट्यावर पाणी प्यायला टेकायचा. त्यानं पाणी पिता पिता सांगितलं, महानंदाला दिवस गेलेत. अकरा वर्षांनी. वैशाखात सातवा लागेल.

दुसऱ्या दिवशी पलीकडून ट्रंक ओढल्याचा आवाज आला.

सातव्या महिन्यात कुबस असतं. माहेरच्यांनी साडी-चोळी घेऊन जायचं, ओटी भरायची. बोलावणं आलं नव्हतं, येणारही नव्हतं, पण नीलाक्कांनी ठरवलं की काळी इरकल पुरी करून घेऊन जायचं. पण अकरा वर्षांत हात आखडला होता. तो मोकळा करायला म्हणून आधी ट्रंकेतलं किरकोळ काम काढलं. पुतण्याच्या बारशाला म्हणून शिवायला घेतलेली कुंची होती, बंद लावायचे तेव्हापासूनच राहिलेले. ते लावले आणि कुंची पुतण्याला नेऊन दिली. पुतण्या कचेरीत कारकून होता, मिशा राखून होता. त्यानं ती साहेबासमोर घेतली आणि डोक्याला लावून नमस्कार केला. यजमानांचा एक सदरा होता, डावी बाही नसलेला. यजमान जाऊन सहा वर्षं झाली होती. बाही लावली आणि सदरा मला घालायला लावला. तो माझ्या गुडघ्यापर्यंत आला. "थोर माणूस होते," नीलाक्का म्हणाल्या. ते लांबीबद्दल होतं की कसं, मी विचारलं नाही.

मग एका सकाळी मी अंगणात तोंड धूत होतो. नीलाक्का बाहेर आल्या आणि दोरीवर वाळत घातलेल्या माझ्या सदऱ्या-पायजम्यापुढे उभ्या राहून म्हणाल्या, "गुरुजी, शाळंला जायच्या आदी एवढी सुई ओवून द्या की."

"अक्का, मी हितं हाय," मी मागून म्हणालो. माझी भाषासुद्धा घसरली.

त्या वळल्या नाहीत. दोरीकडेच बघत हळू आवाजात म्हणाल्या, "कुणाला सांगायचं न्हाय. लिंगाची आन हाय तुमाला."

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टर म्हणाले होते, अजून पिकला नाही, पावसाळा संपल्यावर काढू. आणि काढल्यावर जाड भिंगाचा चष्मा. त्यातून माणूस दिसेल, इरकलीचा धागा मोजता येईल याची खात्री नाही. म्हणजे साडी व्हायची तर वैशाखाच्या आतच. मी म्हटलं, "अक्का, मुलीला कळवा. डोळ्याचं ऐकून धावत येईल."

"म्हणूनच कळवायचं न्हाय," त्या म्हणाल्या. "आंदळी झाली म्हातारी म्हणून येईल. तसं नगं मला. साडी बगून आली तर येऊ दे. न्हायतर राहू दे."

त्या दिवसापासून मी रोज सकाळी पंचवीस सुया ओवू लागलो. हसू नका. शाळेत मला सगळी पोरं टरकून असायची, आणि मी सातला ओट्यावर बसून दोऱ्याला थुंकी लावत असायचो. सुया एका उशीला ओळीनं टोचून ठेवायच्या आणि मग शाळेला पळायचं. सहामाहीचे पेपर मी इतकं मन लावून कधी तपासले नव्हते.

त्यांना अंधुक दिसायचं तेही भर उन्हातच. म्हणून सोलापूरच्या चैत्रात, जेव्हा कुत्रीसुद्धा गटाराच्या कडेला पडून असतात, तेव्हा बारा ते तीन नीलाक्का माळवदावर उन्हात बसायच्या. छत्री नको, सावली पडते. यजमानांचा चष्मा, त्यावर आपला चष्मा, डोक्यावर ओला पंचा. पंचा वाळला की कुसुम वर जाऊन तांब्याभर पाणी ओतायची. पोपटांचं वैर होतं, पण ती न सांगता जायची. धागे डोळ्यांनी थोडे आणि नखानं जास्त मोजले जायचे. एक धागा चुकला तर परतीची वाट जुळत नाही, मग उसवायचं. मी संध्याकाळी घरी आलो की पहिला प्रश्न विचारायचो, "आज कुठवर?" कुसुम सांगायची, "रथ झाला." किंवा, "रथ उसवला." उसवला म्हटलं की मला जेवण जायचं नाही.

वैशाख लागला. कासारानं कुबसाची तिथी आणली. आठ दिवस उरले आणि पदरावरचं शेवटचं गोपूर राहिलं. तोवर बोटांची चाळण झाली होती. हळद लावून सगळ्या बोटांना चिंध्या बांधल्या होत्या. त्यामुळे दोऱ्याचं शेपूट धरता येईना. पहिला टाका ओढला की सगळा दोरा कापडातून निघून हातात यायचा, आणि बाईंना ते कळायचंही नाही. कुबसाला दोनच दिवस राहिले होते, त्या दुपारी कुसुमनं बघितलं, अर्धा तास नीलाक्का रिकामी सुई घालत-काढत होत्या. कुसुम खाली आली आणि चुलीपाशी बसून रडली.

मला ते सहन झालं नाही. दुसऱ्या दिवशी सुया ओवताना मी प्रत्येक दोऱ्याच्या टोकाला एक बारीक गाठ मारली. गणिताचा माणूस, सगळ्या गाठी एकसारख्या. संध्याकाळी नीलाक्का खुशीत होत्या. "गुरुजी, दोरा आज शाण्यासारका वागला बगा." मीही खुशीत होतो. चार महिने मी त्या बाईंचं तेच एक वाक्य ऐकत होतो, आणि माझ्या डोक्यात काही शिरलं नव्हतं.

कुबसाच्या दिवशी सकाळी गोपूर पुरं झालं. कुसुमनं साडीची घडी करायला घेतली, पदर उलटा झाला आणि तिचा हात थांबला. तिनं मला डोळ्यांनीच बोलावलं. मागच्या बाजूला, काळ्या रेशमावर, पांढऱ्या गाठी. चौदा. नीलाक्का दाराशी धुतलेलं लुगडं नेसून टांग्याची वाट बघत बसल्या होत्या. सांगावं तर त्या उसवायला बसणार आणि आज जाणं होणार नाही. न सांगावं तर मुलगी कुणाची? नीलाक्कांची. ती पहिल्यांदा काय करणार ते आम्हाला ठाऊक होतं. तेवढ्यात टांगा आला. कुसुमनं गाठी आत जातील अशी घडी घातली.

विणकरांच्या वस्तीत माग चालू होते, पण त्या घरातले आज बंद होते. आम्ही दारात उभे राहिलो. महानंदाची सासू पुढे आली, क्षणभर थबकली आणि पायावर पाणी घालून आम्हाला आत घेऊन गेली. महानंदा पाटावर बसली होती. तिनं आईकडे बघितलं आणि मान खाली घातली. नीलाक्का भिंतीला टेकून ताठ बसल्या. ओटी कुसुमनं भरली आणि साडी महानंदाच्या मांडीवर ठेवली.

महानंदानं घडी उलगडली. पदर हातात घेतला. रथ, तुळशीवृंदावन, हत्तींची ओळ, गोपूर. मग तिनं तो उलटा केला. अगदी आईसारखा, उजेडाकडे धरून. तिचं बोट मागच्या टाक्यांवरून चालत गेलं आणि एका गाठीवर थांबलं. पुढे गेलं, परत थांबलं. तिनं चौदाही मोजल्या असाव्यात. मग तिनं वर बघितलं, आईच्या चिंध्या बांधलेल्या बोटांकडे. मग डोळ्यांकडे.

"पाठ बगितलीस?" नीलाक्कांनी विचारलं. अकरा वर्षांनी पहिले शब्द हे.

"बगितली की."

"कशी हाय?"

घरात बायका होत्या, सगळी विणकरांची माणसं, कापड कळणारी. कुणी हललं नाही.

"पुढच्यासारकीच हाय, अव्वा," महानंदा म्हणाली. आणि पदर हाताच्या मुठीत घट्ट धरला, कुणाला दिसू नये असा.

निघताना तिनं मला दाराआड गाठलं. "किती दिवस झाले हिला दिसत नाही?" मला लिंगाची आण होती. मी चपला शोधत बसलो. "आणि गाठी कुणी मारल्या?" त्याची आण नव्हती. "मी," म्हटलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि मला वाटलं, आता ही मला बोलणार. ती एवढंच म्हणाली, "उद्यापासून सुया ओवायला मी येते."

आम्ही परत टांग्यात बसलो. मला आता कबूल करून टाकावंसं वाटत होतं. मी म्हणालो, "अक्का, त्या साडीला मागून..."

"किती हैत?" त्यांनी विचारलं.

"चौदा."

"मला बाराच लागल्या." त्यांनी चिंध्यांचा हात गालावरून फिरवला. "बोटाला कळंना म्हणून सकाळी पाठ गालाला लावून बगितली. टोचल्या की."

कुसुम त्यांच्याकडे बघत राहिली. या बाईनं तिच्या पोपटांना मेलेले ठरवलं होतं.

"उसवायला हवं होतं," नीलाक्का म्हणाल्या. "लई वाटलं. पण उसवत बसले असते तर आज जायचं राहिलं असतं. आणि पोरगी..." त्या थांबल्या. "लई चांगलं खोटं बोलली. आमच्यात कुणाला असलं जमलं न्हाय."

मग त्यांनी पदर तोंडाला लावला आणि घर येईपर्यंत काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सातला मी सवयीनं ओट्यावर आलो. माझ्या जागेवर महानंदा बसली होती, सातव्या महिन्याचं पोट सांभाळत, मांडीवर ती काळी साडी, हातात सुई. गाठी उसवून दोऱ्यांची शेपटं ती आतल्या टाक्यांत ओवून घालत होती. शेजारी नीलाक्का बसून त्या कापडावरून गाल फिरवत होत्या.

"गुरुजी," त्या माझ्या पायांच्या आवाजाकडे तोंड करून म्हणाल्या, या वेळी दोरीकडे नाही, "आता तुमी पेपर तपासा."