हिरामणचा शेवटचा बोंबील

हिरामणच्या हृदयात स्प्रिंग बसवून त्याला कडावला घरी आणलं, त्या दिवसापासून घरातलं मीठ बायकोच्या, सुंदराच्या ताब्यात गेलं. पापड-लोणचं बंद. सुक्या बोंबलांचा डबा माळ्यावर. त्यातच डॉक्टर बोलून गेले, "एकदम दुःखाची बातमी सांगू नका, आणि एकदम आनंदाचीही नको." घरच्यांनी हे इतकं मनावर घेतलं, की म्हैस व्याली तेव्हा "म्हैस बरी हाय" इथून सुरुवात करून पारडापर्यंत यायला सुंदराने दोन दिवस लावले.

हिरामणचा सगळा जीव पाखऱ्या बैलात. पण ऐन शर्यतीच्या सकाळी मुलगा अक्षय म्हणाला, "बाबा, शर्यत रद्द झाली. पाखऱ्याला मामाकडं सोडून येतो. येताना कर्जतहून तुमचा रिपोर्ट पण आणतो."

संध्याकाळी हिरामण ओटीवर रिपोर्टची वाट बघत बसला होता. शेजारचा विकास दोन्ही हात पाठीमागे घेऊन आला. मागून झेंडूच्या हाराचं टोक लोंबत होतं.

"बरा हायेस ना?" त्याने विचारलं, आणि उत्तर न ऐकताच गोठ्यामागे सटकला.

मग भागीकाकू पदराखाली नारळ लपवत आली. हिरामणला बघताच तिने हसरा चेहरा घाईघाईने पाडला. मागोमाग दहा-बारा माणसं, सगळी मुकाट. अक्षय फाटकाशी बँजोवाल्यांना परत पाठवत होता, "आज नको रं. उद्या सकाळी वाजवा." त्याच्या कानामागे गुलाल होता. सुंदरा डोळे पुसत होती.

हार, नारळ, गुलाल. आणि उद्या सकाळची वेळसुद्धा ठरलेली! हिरामणला दरदरून घाम फुटला. रिपोर्ट आला होता तर. त्याला मरणाची भीती वाटली. सुंदराशी शेवटचं काय बोलावं तेही सुचेना. मग त्याने विचार केला, जायचंच आहे, तर अळणी तोंडाने कशाला? त्याने आत जाऊन काठीने माळ्यावरचा डबा ओढला आणि चुलीतल्या निखाऱ्यावर एक बोंबील टाकला.

वास सुटताच सुंदरा धावत आली. "अवो, बोंबील?"

"मरणाऱ्याच्या तोंडचा घास काढू नको गं," हिरामण अर्धा बोंबील चावत म्हणाला. "माझा हार आलाय. मी बघितला."

"तो पाखऱ्याचा हाय!" मागून आलेल्या अक्षयच्या तोंडून निघून गेलं. "शर्यत झाली, बाबा. पाखऱ्या पयला आला!"

विकासने पाण्याचा तांब्या उचलला, सुंदराने जिभेखाली ठेवायची गोळी हातात घेतली. हिरामण मात्र शांत.

"आन् माझा रिपोर्ट?"

"एकदम झकास."

"मंजे मी मरत नाय?"

"नाय वो!" सुंदरा रडता रडता हसली, त्याच्या शेजारी टेकली, आणि उरलेला अर्धा बोंबील तिने त्याच्या हातातून अलगद काढून घेतला. "मग द्या इकडं."

तेव्हा कुठे हिरामणचा हात छातीवर गेला.