बारा मीटरच्या आत

टिळेकरांनी माझी गाडी मोजली तेव्हा त्यांची-माझी ओळखही नव्हती. मेलबर्नजवळच्या वेरिबीतल्या या घरात राहायला येऊन मला जेमतेम दोन दिवस झाले होते. शनिवारी सकाळी पडदा सरकवला, तर माझ्या ड्राइव्हवेत एक गृहस्थ उकिडवे बसून गाडीच्या बंपरला टेप लावत होते. मी तावातावाने बाहेर गेले. त्यांनी मान वर केली आणि स्वच्छ मराठीत सांगितलं, "चार मीटर अडुसष्ट. छान आहे हो. आमच्यापेक्षा वीस सेंटीमीटर कमी."

मी मराठी आहे हे त्यांना कसं कळलं, असं विचारलं तर म्हणाले, "काल तू दारात उभी राहून फोनवर आईशी भांडत होतीस ना."

हेमंत टिळेकर समोरच्या घरात राहायचे. विद्यार्थी म्हणून मेलबर्नला आले आणि इथलेच झाले. एका बांधकाम कंपनीत इस्टिमेटर होते, म्हणजे लोकांच्या इमारतींना किती काँक्रीट लागेल ते सांगायचा पगार घ्यायचे. कमरेच्या पट्ट्याला टेप कायम अडकवलेली. लग्नकार्यातसुद्धा झब्ब्याखाली एका बाजूला फुगवटा दिसला की समजायचं, टेप आलेली आहे.

माझी गाडी मोजण्यामागचं कारण त्यांच्या ड्राइव्हवेत उभं होतं. एक जुनी, पांढरी कॅरव्हॅन, म्हणजे गाडीमागे जोडून ओढायची चाकांवरची खोली. ती फेरीबोटीत घालून टास्मानियाला न्यायची, हा टिळेकरांचा कित्येक वर्षांचा संकल्प. पण ही बोट भाडं घेते ते लांबीवर. गाडीच्या नाकापासून कॅरव्हॅनच्या शेपटापर्यंत जेवढे मीटर भरतील, तेवढे पैसे. टिळेकरांची जोडी भरायची बारा मीटर चौदा सेंटीमीटर, आणि बारा मीटरच्या पुढे गेलं की भाडं एकदम वरच्या पायरीवर.

"चौदा सेंटीमीटर!" ते पंजा पसरून दाखवायचे. "वीतभरसुद्धा नाही गं मेधा. एवढ्यासाठी इतके पैसे?"

त्यांचं पालुपद एकच, "मोजलंय का?" कुणी म्हणालं, यंदा गणपतीचा हॉल लहान पडतोय, तर "मोजलंय का?" कुणी म्हणालं, स्टेशन हल्ली लांब वाटतं, तरी "मोजलंय का?" एकदा किराणा दुकानात मालक बासमतीची पिशवी दाखवून म्हणाला, "भाईसाब, ये एक्स्ट्रा लाँग है." टिळेकरांनी गंभीरपणे विचारलं, "नापा है क्या?" त्या माणसाने त्यानंतर टिळेकर दिसले की तांदळाचं नाव काढलं नाही.

त्यांची बायको संगीता मोठ्या हॉस्पिटलात नर्स होती. टास्मानिया मुळात तिचं वेड. लग्नानंतर दोघं एका खोलीत राहायची तेव्हा तिने भिंतीवर त्या बेटाचा नकाशा लावला होता. दर वर्षी सुट्टीचे दिवस आले की टिळेकर तीन तक्ते करायचे. कॅरव्हॅन बोटीने नेली तर खर्च किती, कॅरव्हॅन इथे ठेवून नुसती गाडी नेली आणि तिकडे मोटेलात राहिलं तर किती, विमानाने जाऊन तिथेच दुसरी कॅरव्हॅन भाड्याने घेतली तर किती. तक्ते पुरे होईपर्यंत सीझन संपलेला असायचा.

"आमच्या कॅरव्हॅनने एकच प्रवास केलाय," संगीता सांगायची. "विकत घेतली त्या दिवशी. दुकान ते घर."

मी आले त्या वर्षी टिळेकरांना शोध लागला, की कॅरव्हॅनच्या मागे लटकवलेली स्टेपनी ब्रॅकेटसकट काढली तर सतरा सेंटीमीटर वाचतात. लगेच काढली. अकरा मीटर सत्त्याण्णव! मला रस्त्यापलीकडून हाक मारून त्यांनी तीनदा मोजून दाखवलं. स्टेपनी ठेवली आत, पलंगावर. संगीता म्हणाली, "आणि मी टायरशेजारी झोपू का?"

"त्याचाही विचार करू," टिळेकर म्हणाले. तो विचार चालू असतानाच कोविड आला.

सगळं बंद झालं. आम्ही सगळे घरी बसून लॅपटॉपमध्ये तोंड घालून काम करायला लागलो, घरापासून पाच किलोमीटरच्या पुढे जायची सोय राहिली नाही. संगीताची मात्र कोविड वॉर्डात नेमणूक झाली. टिळेकरांना लहानपणापासून दमा. घरात आपल्याबरोबर काही आलं तर, या धास्तीने तिने पहिल्याच आठवड्यात पिशवी भरली आणि कॅरव्हॅनमध्ये मुक्काम हलवला. स्टेपनी गराजमध्ये गेली.

टिळेकरांनी ड्राइव्हवेवर खडूने रेघ मारली. सरकारने दीड मीटर सांगितलं होतं, यांनी तीन मोजले. कॅरव्हॅनची मागची खिडकी गराजकडे होती. स्टेपनीच्या रिकाम्या बोल्टांवर त्यांनी त्या खिडकीखाली एक फळी ठोकली. संगीता शिफ्टहून यायच्या आधी फळीवर डबा आणि चहाचा थर्मास ठेवायचा, मग मागे येऊन रेघेपलीकडे खुर्ची टाकून बसायचं, असा त्यांचा नेम झाला.

चारच्या सुमाराला तिची गाडी लागायची. माझं टेबल रस्त्याकडच्या खिडकीशी आणि तीन मीटरवरून ती दोघं बोलायची मोठ्याने, त्यामुळे त्यांचं बोलणं मला रोज ऐकू यायचं.

"आज रेट किती?" खिडकीतून संगीता.

"सतरा डॉलरने उतरला."

"मग कर की बुक!"

"थांब. अजून उतरेल."

दुसऱ्या दिवशी बावीसने चढलेला असायचा. तिसऱ्या दिवशी नऊने खाली. केबिन घेतली तर इतके, नुसती खुर्ची घेतली तर तितके. संगीता भांडायची, "कालच सांगत होते, ऐकलं असतंस तर?" टिळेकर बाजू मांडायचे. कधीकधी तिचं हसणं ऐकू यायचं. अर्ध्या तासाने खिडकी बंद व्हायची.

मला या माणसाचा संताप यायला लागला. बाई दिवसभर कसल्या वॉर्डात उभी असते, चेहऱ्यावर मास्कचे वळ घेऊन घरी येते आणि हा तिला बोटीचं भाडं ऐकवतो! तसा माझा स्वभाव गप्प बसण्याचा नाहीच. एके दिवशी दुपारी मास्क लावून मी त्यांच्या ड्राइव्हवेच्या टोकाशी जाऊन उभी राहिले. संगीता अजून यायची होती.

"टिळेकर, स्पष्ट बोलते. रोज काय ते सतरा डॉलर आणि बावीस डॉलर? एकदा तरी तिला विचारा की, बाई गं, कशी आहेस तू?"

ते थर्मासचं झाकण घट्ट करत होते. करतच राहिले.

"विचारलं होतं," ते म्हणाले. "पहिल्या दिवशी तेवढंच विचारलं. तर ती रडायला लागली. थांबेचना. मी उठलो, तर आतून ओरडली, रेघ ओलांडू नकोस म्हणून. मग उभाच राहिलो. तीन मीटर म्हणजे किती असतं, मेधा, ते मला त्या दिवशी कळलं."

ते पुढे म्हणाले, "दुसऱ्या दिवशी काय बोलावं सुचेना. तोंडातून भाडं निघालं. ती चिडली, भांडली, चांगली पाच मिनिटं भांडली. आणि मग जेवली. आदल्या दिवशीचा डबा तसाच परत आला होता."

मला माझी लाज वाटली. काहीतरी भरपाई करावी म्हणून जेवण झाल्यावर मी बोटीची वेबसाइट उघडली. म्हटलं, एखादी स्वस्त तारीख सापडली तर टिळेकरांना कळवू. बघते तर सहलीला जाणाऱ्यांसाठी बुकिंग बंद. कधी सुरू होणार, तेही लिहिलेलं नव्हतं. दर वगैरे काही नाहीच. तारीख बदलून बघितली, महिना बदलून बघितला, सगळीकडे तोच मजकूर.

दुसऱ्या दिवशी चार वाजता मी खिडकीशी बसले.

"आज रेट किती?"

"अकराने चढला."

"बघ! सांगत होते मी!"

हा आकडा हा माणूस रोज घरी बसून तयार करत होता. ज्याने आयुष्यात मोजल्याशिवाय चमचाभर साखर घेतली नाही, त्याने. मी हे कुणालाही सांगितलं नाही.

तो हिवाळा सरला आणि केसेस उतरल्या. संगीताची त्या वॉर्डातून सुटका झाली आणि ती घरात परतली, तशी पहिल्यांदा माझ्याकडे चहाला आली. निम्मी झाली होती. बोलताबोलता मी चाचरत म्हटलं, "टिळेकरांचे ते बोटीचे रेट..."

"बोट बंद होती ते म्हणतेस ना?" ती बिस्किट बुडवत म्हणाली. "मी पहिल्याच आठवड्यात फोनवर बघितलं होतं."

"मग रोज का विचारायचीस?"

"वॉर्डातून निघताना तेवढीच उत्सुकता असायची गं, आज हा काय आकडा काढतोय याची. एकदा चुकून दोन दिवस सलग सतरा म्हणाला, तर पुढे आठवडाभर खालीवर जपून चालला होता. वहीत लिहून ठेवायला लागला असेल." ती हसली आणि तिचे डोळे भरून आले. "त्याला सांगू नकोस हं. त्याला वाटतं मला माहीत नाही."

मध्ये पुन्हा बंद, पुन्हा उघड असं बरंच झालं. अखेर सीमा उघडल्या आणि एका रविवारी टिळेकरांनी मला हाक मारली. गाडी कॅरव्हॅनला जोडलेली. तिच्या बॉनेटवर लॅपटॉप, लॅपटॉपवर बोटीचा फॉर्म. एकूण लांबीच्या चौकोनात त्यांनी भरलं होतं, बारा मीटर बावीस.

"टिळेकर, बावीस कसे? आपण अकरा सत्त्याण्णववर होतो ना?"

त्यांनी मागे बोट दाखवलं. खिडकीखाली ती फळी तशीच होती. पंचवीस सेंटीमीटर बाहेर आलेली, आणि तिच्यावर थर्मासच्या बुडाची गोल खूण.

"अहो, मग ती काढा की! चार बोल्ट तर आहेत. बारा मीटरच्या आत याल."

टिळेकर चालत मागे गेले. फळीवरची धूळ त्यांनी तळहाताने पुसली आणि परत आले.

"मोजलंय मी," म्हणाले. "राहू दे ती."

तेवढ्यात कॅरव्हॅनमध्ये चादरी घालत असलेल्या संगीताने मागच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"आज रेट किती?"

टिळेकरांनी चष्मा नीट केला आणि पडद्यावरचा आकडा सेंटसकट मोठ्याने वाचून दाखवला. आकडा भलताच मोठा होता.

"मग कर की बुक!" संगीता म्हणाली.

या वेळी ते "थांब" म्हणाले नाहीत.