शेवट सोडून बाकी सिनेमा उत्तम

त्या सोमवारी परीक्षकांनी चहा पिऊन गुपचूप आपलं टेबल गाठलं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण माणसाला बोलायची खुमखुमी असली की टेबल कुठलं आणि काय कुठलं! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

परीक्षक हे त्यांचं ऑफिसातलं नाव. काम आवक-जावक कारकुनाचं. आलेल्या पत्राचा विषय वाचायचा, शिक्का मारायचा, नंबर टाकायचा आणि पत्र पुढच्या टेबलावर ढकलायचं. पत्राच्या शेवटी काय लिहिलंय हे बघायचं काम त्यांचं नव्हतं, आणि नसत्या चौकशा करायचा त्यांचा स्वभावही नव्हता. मात्र सोमवारी अकराच्या चहाला या गृहस्थांना निराळंच तेज चढायचं. रविवारी बायकोबरोबर थेटरात एखादा नवा सिनेमा, आठवड्यात टीव्हीवर एखादा जुना, आणि सोमवारी दोन्हींवर मत. मत फुकट असायचं आणि न विचारता मिळायचं.

"नव्या सिनेमात अंधार फार," ते बशीत चहा ओतत सांगायचे. "कुणीतरी उठून दिवा लावला असता तर निम्मी भानगड तिथंच मिटली असती. आणि जुना बघा! नायक दोन तास आजारी, पण भांग जागचा हलला नाही. याला म्हणतात मेहनत."

एकदा एका खुनाच्या सिनेमाबद्दल ते म्हणाले, "दिग्दर्शक धाडसी आहे. खुनी कोण हे शेवटपर्यंत सांगतच नाही. सगळं प्रेक्षकांवर सोडलंय."

"अहो, मी पाहिला की तो," टायपिस्टबाई म्हणाल्या. "डॉक्टर निघतो खुनी."

"तुम्हाला डॉक्टर वाटला," परीक्षक समजुतीनं म्हणाले. "हेच तर त्या सिनेमाचं मोठेपण. ज्याला त्याला वेगळा वाटतो."

टायपिस्टबाई दोन दिवस स्वतःवरच संशय घेत होत्या.

आता खरी गोष्ट सांगतो, पण आपल्यातच राहू द्या. परीक्षकांनी बावीस वर्षांत एकाही सिनेमाचा शेवट पाहिलेला नव्हता. लग्न झाल्यावर पहिल्याच सिनेमाला दोघं गेले होते, आणि थेटरच्या स्टँडला गेट एकच. खेळ सुटला, चारशे गाड्या एकदम त्या गेटावर तुटून पडल्या, आणि नवं जोडपं सव्वा तास अडकलं. त्यात बायकोच्या नव्या चपलेवरून कुणाचं तरी चाक गेलं. त्याच दिवशी परीक्षकांनी ठरवलं, यापुढे खेळ संपायच्या दहा मिनिटं आधी उठायचं. (ठरवलेलं पाळायचा त्यांना हा एकच अनुभव. व्यायामाचं तीनदा फिसकटलं.) "शेवटात काय असतं?" ते बायकोला म्हणत. "एकत्र येतात नाहीतर मरतात. चल, स्कूटर मोकळी आहे तोवर." पुढं पुढं तर टीव्हीवरचा सिनेमा संपत आला तरी त्यांचे पाय आपोआप उठायचे. घरात स्कूटर नसल्यामुळे ते नुसतेच बाल्कनीत जाऊन उभे राहायचे.

तर त्या सोमवारी चहाच्या टेबलाशी साक्षात साहेब आले. सगळ्यांचे कप बशीत टेकले. कारण तीन आठवड्यांपासून बदलीची यादी साहेबांच्या खणात होती. लांबच्या शाखेत एक माणूस जायचा होता, आणि यादीत पहिलं नाव परीक्षकांचं आहे अशी कुजबुज होती. परीक्षकांची झोप उडाली होती. बावीस वर्षं लावलेलं घर, खिडकीजवळचं टेबल, बायकोची शिवणाची गिऱ्हाइकं, सगळं सोडून जायचं या वयात?

"काय हो, तुम्हाला म्हणे सिनेमातलं कळतं?" साहेबांनी विचारलं. "रविवारी मुलीच्या सासरची मंडळी येतायत. म्हणजे होणाऱ्या सासरची. बोलणी जवळपास झालीच आहेत. त्यांना सिनेमाला न्यावं म्हणतो. काहीतरी घरंदाज सुचवा."

इथं "विचार करून सांगतो" म्हटलं असतं तरी निभावलं असतं.

"तो नवा लागलाय ना साहेब, पोस्टरवर सगळं कुटुंब जिन्यात बसलंय तो! डोळे मिटून न्या. कालच पाहिला. मुलीकडचे, मुलाकडचे, नुसता आनंदीआनंद!"

"शेवट चांगला आहे ना? आमच्या विहीणबाई जरा... नाजूक आहेत."

"शेवट?" परीक्षकांना आठवलं, आपण उठलो तेव्हा पडद्यावर हॉलला दिव्यांच्या माळा लावत होते. "शेवटी लग्न, साहेब! दुसरं काय असणार?"

साहेबांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. "मग तुम्हीही या, वहिनींना घेऊन. तिकिटं मी काढतो. आणि ते यादीचं... बघू आपण."

परीक्षक त्या दिवशी घरी तरंगतच गेले. बायकोला एवढंच म्हणाले, "रविवारी साहेबांबरोबर सिनेमा. कुठला ते विचारू नकोस, गंमत आहे."

रविवारी तीनच्या खेळाला बायको थेटरच्या पायरीवर आली, पोस्टर पाहिलं आणि जागच्या जागी थबकली. "अगंबाई! हा?"

"हा म्हणजे काय? मीच सुचवलाय."

"अहो, पण याचा शेवट—"

"शेवटाचं काय घेऊन बसलीस! साहेब बघतायत, हस जरा."

दारावरचा डोअरकीपर तिकिटं फाडत होता. त्यानं परीक्षकांच्या बायकोला पाहिलं आणि अदबीनं बाजूला झाला. "या ताई! आज पहिल्यापासून बघणार?" परीक्षकांना हे वाक्य जरा चमत्कारिक वाटलं. पण विचारायचं त्यांच्या मनात आलं नाही.

बसायची रचना अशी: भिंतीकडून साहेब, मग परीक्षक, मग विहीणबाई, तिकडे त्यांचा मुलगा, मग साहेबांची मुलगी, साहेबीणबाई आणि अगदी टोकाला परीक्षकांची बायको. मुलगा सबंध वेळ आईला विचारून लाह्या खात होता. दोन तास सिनेमा खरंच गोड चालला. विहीणबाई दोनदा हसल्या. साहेबांनी परीक्षकांच्या कानाशी येऊन "वा!" केलं.

मग पडद्यावर दिव्यांच्या माळा लागल्या आणि परीक्षकांचे पाय उठले.

"कुठं निघालात?" साहेबांनी मनगट धरलं.

"स्कूटर..."

"स्कूटर राहू द्या इथंच, आम्ही गाडीनं सोडतो हो. बसा!"

आणि बावीस वर्षांनंतर परीक्षकांनी सिनेमाचा शेवट बघायला सुरुवात केली.

नवरी भरल्या हॉलमध्ये आली. तिनं वाजंत्रीवाल्यांकडून माइक घेतला. होणाऱ्या सासूनं गेल्या महिनाभरात जे जे टोमणे मारले होते ते एकेक करून तिनं पाहुण्यांना ऐकवले आणि शांतपणे म्हणाली, "मला हे लग्न करायचं नाही. जेवण तयार आहे, सगळ्यांनी जेवूनच जा." आणि गेली की तरातरा!

बाकीच्या थेटरला शेवट बघायची सवय होती. परीक्षकांना कुठली? त्यांच्या अंगावर काटा आला, डोळ्यांतून धारा लागल्या. साहेब, यादी, शाखा, सगळं विसरून ते ताडकन उभे राहिले आणि टाळ्या पिटत ओरडले, "शाब्बास पोरी! बरी खोड मोडलीस म्हातारीची!"

तेवढ्यात दिवे लागले. टाळी मध्येच राहिली. डाव्या हाताला विहीणबाई होत्या, आणि त्या परीक्षकांकडे बघत होत्या.

परीक्षक हळूच खाली बसले.

बाहेर व्हरांड्यात विहीणबाईंनी तोंड उघडलं. "हा सिनेमा आम्हाला मुद्दाम दाखवलात?"

"छे छे! अहो, यांनी सांगितलं शेवटी लग्न आहे म्हणून!" साहेबांनी परीक्षकांकडे बोट केलं. "तुम्ही पाहिला होता ना हो?"

"पाहिला होता साहेब. म्हणजे... दहा मिनिटं कमी."

"आणि बाकीचे सिनेमे?"

"तेही," परीक्षक जमिनीकडे बघत म्हणाले. "सगळेच."

"मी पाहिलाय पूर्ण," परीक्षकांची बायको मध्ये पडली. "दर सोमवारी दुपारी येते. हे डोअरकीपरदादा भले, शेवटची दहा मिनिटं आत सोडतात. हे ऑफिसात मत देत असतात तेव्हा माझी निघायची तयारी चाललेली असते."

परीक्षकांनी तिच्याकडे पाहिलं. बावीस वर्षांचे सोमवार! "मग मला बोलली नाहीस ती?"

"शेवटात काय असतं, असं तुम्हीच म्हणता ना?"

साहेबांना या घरगुती कारभारात रस नव्हता. बुडत्याला काडीचा आधार म्हणून ते विहीणबाईंना म्हणाले, "बघा, यांनी पूर्ण पाहिलाय. वहिनी, तुम्हीच सांगा, त्या मुलीनं वागायची ही रीत झाली का?"

"मला नाही पटलं," बायको म्हणाली. साहेबांचा जीव भांड्यात पडला. विहीणबाईंनीही मान डोलावली. "नको होतं तर नाही म्हणायचं, त्यात काही चूक नाही. पण लग्नाच्या दिवसापर्यंत थांबायचं कशाला? लोकांचा खर्च, स्वैपाक्यांची दगदग. आधीच सांगून मोकळं व्हायला हवं होतं तिनं."

"हो ना काकू?" साहेबांची मुलगी इतका वेळ गप्प होती ती म्हणाली. "मलाही तेच वाटलं. मग मी आत्ताच सांगते. मला हे लग्न नाही करायचं."

मुलानं लाह्यांची पिशवी आईकडे दिली. विहीणबाई पायऱ्या उतरल्या, मुलगा मागोमाग. साहेबांनी परीक्षकांकडे एकदा पाहिलं आणि तेही निघून गेले. सोडायला कुणाची गाडी उरली नाही, स्टँडवर त्यांची स्कूटर तेवढी उभी होती.

रात्रभर परीक्षकांनी मनातल्या मनात सामान बांधलं. सकाळी बायको म्हणाली, "काय व्हायचं ते होईल. मी येईन तुमच्याबरोबर, शिवणयंत्र काय कुठंही चालतं." हे ऐकून त्यांना जास्तच रडू आलं.

साडेदहाला साहेबांनी बोलावलं. समोर यादी उघडी होती. परीक्षकांचं नाव पहिलंच होतं, आणि त्यावर लाल शाईची ठळक रेघ होती.

"नाव खोडलंय," साहेब म्हणाले.

परीक्षकांनी हात जोडले. "साहेब... माझ्या कामाची कदर..."

"कामाचा काय संबंध?" साहेबांनी चष्मा काढला. "काल घरी मायलेकींनी मला कोंडीत पकडलं. पोरीला म्हणे महिनाभर नाही म्हणायचं होतं, धीर होत नव्हता. तिच्या आईलाही ते स्थळ नको होतं. मलाच काय ते कुणी सांगितलं नव्हतं. आता दोघींचं म्हणणं एकच, एवढं सरळ बोलणारी बाई या गावातून हलता कामा नये. सकाळपासून आमच्या घरातून वहिनींना दोन फोन झालेत."

"मग मी..."

"तुम्हाला एकट्यालाच पाठवावं असं मी सुचवलं होतं," साहेब यादी मिटत म्हणाले. "वहिनींना फोनवर विचारलं दोघींनी. त्या म्हणाल्या, राहू द्या, असू देत."