देवीच्या शेजारचा दगड

आमचे तारमास्तर सखारामपंत उजव्या पायातल्या वहाणेला करंजाचं तेल लावत आणि डाव्या पायातल्या वहाणेला तिळाचं. कातडं कोणत्या तेलानं जास्त टिकतं ते त्यांना बघायचं होतं. मी म्हटलं, पंत, यंदा दोन्हीला करंजाचं लावा, पुढच्या वर्षी तिळाचं लावा, आणि चारचौघांसारखे चाला. तर म्हणे, दोन्ही वर्षी पाऊस सारखा पडेल असं लिहून देता का? बोला आता! मी मालाच्या गुदामातला साधा कारकून, मी कुठली पावसाची हमी देणार?

कर्जत स्टेशनामागे रेल्वेच्या खोल्या होत्या, त्यांत त्यांची आणि माझी भिंतीला भिंत लागून. घाटातून गाडी वर न्यायची तर जादा इंजिन जोडावं लागे, आणि वर ठाकुरवाडी स्टेशनाशी तारेनं बोलणं झाल्याशिवाय इथून काही हलत नसे. तारेतली शिस्त अशी, की तिकडून आलेला मजकूर इथून पुन्हा वाजवून दाखवायचा. जुळला तरच खरा. बाकीचे तारवाले ही शिस्त कचेरीत ठेवून घरी येत. पंतांनी ती घरी आणली. भाकऱ्या करायला येणारी म्हातारी दूध नासलं म्हणाली, की हे माझ्याकडचं दूध मागून नेत आणि दोन्ही भांडी शेजारी शेजारी चुलीवर चढवत. त्यांचं दूध नासलेलं असायचंच. माझं तेवढं उतू जायचं.

"जोडीला दुसरं लावून बघा," हे त्यांचं पालुपद. कुणी म्हणालं अमक्या अंगाऱ्यानं ताप उतरला, की पंत विचारत, अंगारा न लावलेल्याचा किती दिवसांनी उतरला? एकदा तर त्यांनी दारात दोन तुळशी लावल्या. एकीपुढे रोज विष्णुसहस्रनाम म्हणायचं, दुसरीपुढे गप्प बसायचं. गप्पवाली तुळस अशी काही फोफावली की स्टेशनातले सोवळे लोक त्यांच्या दारावरून जाईनासे झाले. मला वाटलं, आता हा गृहस्थ फुशारक्या मारणार. कसलं काय! पंत तोंड पाडून म्हणाले, "नाही हो, त्या तुळशीला मोरीचं पाणी लागत होतं. हा निकाल धरता यायचा नाही." देवाच्या विरुद्ध गेलेला निकाल हा नास्तिक आपल्या हातानं रद्द करतो, याचं मला तेव्हा नवल वाटलं. त्यापलीकडे मी काही विचार केला नाही.

पंत मुळात असे नव्हते. रमावहिनी होत्या तोवर हा माणूस गावदेवीला विचारल्याशिवाय हजामतीलासुद्धा बसत नसे. वहिनी त्यावरून त्यांची थट्टा करीत आणि स्वतःच हसत सुटत. भिंतीपलीकडून ते हसू ऐकून आमच्या घरात उगाच बरं वाटे. मग वहिनींचं पहिलं बाळंतपण झालं. मूल गेलं आणि त्यांना ताप भरला. रेल्वेचा डॉक्टर म्हणाला, मुंबईच्या इस्पितळात न्या, इथं माझ्याच्यानं व्हायचं नाही. स्टेशनमास्तरांनी गार्डाच्या डब्यात अंथरूण घालायची सोय केली. पंत म्हणाले, देवीचा कौल घेऊन येतो.

कशेळ्याच्या वाटेवर गावदेवीचं कौलारू देऊळ आहे. तिथं गुरव देवीच्या दोन्ही अंगांना ओली पाकळी चिकटवतो आणि प्रश्न घालतो. उजवी आधी पडली तर होकार, डावी आधी पडली तर नकार. त्या दिवशी डावी पडली. पंत घरी आले, बांधलेली वळकटी त्यांनी सोडली, आणि त्याच आठवड्यात वहिनी गेल्या. मी खांदा दिला आहे. त्यांच्या घरासारखं गप्प घर मी पुन्हा पाहिलं नाही.

तेव्हापासून पंत त्या पाकळ्यांच्या मागे लागले. पाकळी देवी पाडते, की वाळली म्हणून पडते, एवढं एकच त्यांना ठरवायचं होतं. सगळे म्हणत, बायको गेली म्हणून देवीवर राग धरलाय. मीही तेच म्हणत असे, आणि मनातून म्हणे, धरला तर धरला, बिचाऱ्याला कुणावर तरी धरू दे.

धाकू गुरव भला माणूस. कौल त्यानंच लावलेला, त्यामुळे त्याच्याही मनाला चुटपुट होती. पंतांना त्याच्यानं नाही म्हणवेना. आमची गावदेवी म्हणजे तांदळा, शेंदूर माखलेला न घडवलेला दगड. पंतांनी उल्हास नदीतून तेवढाच, तसाच दगड हमालांकडून आणवला आणि देवीशेजारी बसवला. देवीला पाकळ्या लावल्या, की त्याच पाण्यानं, त्याच फुलाच्या पाकळ्या दगडाला लावायच्या. देवी खरंच बोलत असेल तर देवी आणि दगड यांत फरक दिसलाच पाहिजे, असा हिशेब. कुणाचा श्वास लागू नये म्हणून गाभाऱ्यात सगळ्यांनी तोंडाला उपरणं धरायचं. माझी तपकीर बंद झाली.

पहिल्याच दिवशी अडलं. देवीच्या शेंदरावर पाकळी चांगली धरे आणि नदीच्या गुळगुळीत दगडावरून सरळ खाली येई. पंत म्हणाले, हा दगडावर अन्याय आहे. आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी तेलात शेंदूर कालवून दगडाला चोपडला.

अहो, आपल्याकडे दगडाला शेंदूर लावल्यावर तो दगड राहतो का? आठ दिवसांनी जाऊन बघतो तर दगडापुढे नारळ! कुण्या बाईची हरवलेली शेळी त्याला विचारल्यावर सापडली होती. लोक त्याला देवीची बहीण म्हणू लागले होते. पंत संतापले, म्हणाले माझा दगड बाटवलात. त्यांनी नवा दगड आणला, पुन्हा शेंदूर लावला, लोकांना बजावलं की हा देव नाही, हा नुसता दगड आहे. लोकांनी मान डोलावली आणि त्याला देवीचा भाचा केलं. शेवटी धाकू हात जोडून म्हणाला, "पंत, आता आनू नका. देवळात जागा नाय." मग देवी आणि बहीण याच जोडीवर भागवायचं ठरलं.

प्रश्न कुठले घालायचे? ज्यांचं उत्तर मागाहून तपासता येईल असेच. म्हणून पंत विचारायचे, उद्याची मालगाडी वेळेवर येईल का? दुसऱ्या दिवशी तारेवर निकाल हजर. असं महिनोन्‌महिने चाललं. देवी चुकायची तितकंच बहीण चुकायची, आणि बरोबर यायच्या त्याही दोघी सारख्याच. मी म्हटलं, झालं की हो, जिंकलात! पंत खांबाला टेकून बसले होते. म्हणाले, कसोटीतच काहीतरी खोट असेल. सहा महिने याचसाठी धडपड केली, आणि आता मनासारखं झालं तर रडतोय! मला भयंकर राग आला.

धाकू मात्र शांतपणे म्हणाला, "तुमची मालगाडी उशिरा आली तर कुनाचं काय जातं, पंत? देवीला त्याचं काय पडलंय? जिवाचं विचारा, मग ती बोलंल."

"जिवाचं पुन्हा ताडून बघता येत नाही, धाकू," पंत म्हणाले. "एकच वाट धरता येते. दुसरीनं काय झालं असतं, ते कुणी सांगायचं?"

"मंग नका ताडू," धाकू म्हणाला.

मला दोघांचंही पटलं, आणि भूकही लागली होती.

पुढच्या उन्हाळ्यात धाकूची सून ठकी बाळंत झाली आणि तिला ताप भरला. तोच ताप. तोच रेल्वेचा डॉक्टर, आणि त्यानं सांगितलेलंही तेच: मुंबईला न्या. धाकूनं सुनेला डोलीत घालून देवळाच्या पायरीशी आणलं. कौल मिळाला तर तशीच स्टेशनावर न्यायची, नाहीतर परत घरी. पंतांना त्यानं मुद्दाम बोलावणं धाडलं. म्हणाला, "आज जिवाचं हाय. घ्या तुमची परीक्षा." स्वतःच्या सुनेवर असं म्हणायला केवढा विश्वास लागतो!

सकाळची वेळ. देवीला पाकळ्या लागल्या, बहिणीला लागल्या. धाकूनं गाऱ्हाणं घातलं आणि डोळे मिटले. त्याचा मुलगा बाहेर डोलीचा दांडा धरून उभा, आत आम्ही दोघं तोंडाला उपरणं लावून. ठकीच्या कण्हण्याशिवाय आवाज नव्हता. माझी नजर देवीवर. थोड्या वेळानं डाव्या पाकळीचं वरचं टोक सुटायला लागलं. मी पंतांकडे पाहिलं. त्यांनीही ते पाहिलं होतं.

पंतांनी तोंडावरचं उपरणं काढलं, पुढे वाकले आणि बोटानं उजवी पाकळी खाली पाडली.

"उजवी," ते म्हणाले.

धाकूनं डोळे उघडले, पायाशी पडलेली पाकळी पाहिली आणि देवीपुढे लोटांगण घातलं. त्याच दुपारच्या गाडीनं ठकी मुंबईला गेली. इस्पितळात बरेच दिवस राहिली आणि बरी होऊन आपल्या पायांनी कर्जतच्या फलाटावर उतरली.

धाकूनं गावाला जेवण घातलं. ठकीनं देवीची ओटी भरली, बहिणीची भरली, भाच्यालाही नारळ फोडला. सगळ्या गावादेखत धाकूनं विचारलं, "पंत, आता तरी पटलं का? जिवाचं विचारल्यावर देवी बोलली का नाय?" पंतांनी ठकीच्या मांडीवरच्या मुलाकडे बघत सांगितलं, "बोलली. पटलं मला." लोकांना कोण आनंद झाला! नास्तिक देवीला शरण आला म्हणून त्यांना आग्रह कर करून वाढलं.

परतताना वाटेत मला राहवेना. म्हटलं, पंत, माझ्या तपकिरीनं कसोटी बिघडते म्हणत होतात, आणि आयती खरी कसोटी समोर आली तर बोटानं पाकळी पाडलीत? थांबला असतात, बहिणीचीही डावीच पडली असती, तर देवी खोटी तरी ठरली असती!

"तुम्हालाही तसंच वाटतं काय?" पंत म्हणाले. "मला ती खोटी नको होती हो. खरी हवी होती. ती खरी असती तर हिचं जाणं तिनं ठरवलेलं, मी नुसतं ऐकलं. एवढं एकदा कळलं असतं तर सुखानं झोपलो असतो."

"मग थांबायचं होतं."

"ती पोर कण्हत होती."

आम्ही पुलापर्यंत आलो. पंत कठड्याशी थांबले. मला वाटलं पाणी बघताहेत.

"ठकी वाचली," ते म्हणाले. "म्हणजे हीसुद्धा वाचली असती."

मी चिडलोच. काय हा माणूस! म्हटलं, भलतंच काय बोलता? ठकी राबणाऱ्या हाडाची, वहिनी नाजूक. सगळे ताप सारखे नसतात. वहिनी वाटेतही जाऊ शकल्या असत्या. एकावरून काही ठरत नाही, हे तुम्हीच मला इतके दिवस ऐकवलंत ना?

"ते दगडांच्या बाबतीत," पंत म्हणाले, आणि चालू लागले.