कारखानीसांनी न विकलेला तलाव

कारखानीसांनी मला फसवलं. आडून नाही, चांगलं समोर बसवून, चहा पाजून, वर खारी खायला घालून फसवलं.

मी मानपाड्याला फ्रेमचं दुकान चालवते. फुटपाथवर केसांच्या पिना विकण्यापासून सुरुवात केलेली बाई आहे मी. काचवाला, लाकूडवाला, दुकानाचा मालक, सगळे माझ्याशी भाव करायला बसण्याआधी पाणी पिऊन घेतात. आणि मला कुणी फसवावं? ठाण्यात नौपाड्याला राहणाऱ्या एका म्हाताऱ्याने, ज्याला स्वतःचा माल धड विकता येत नाही!

विकता येत नाही म्हणजे काय, ते सांगते. कारखानीस फोटो छापलेली जुनी पोस्टकार्डं जमवतात. दुर्गाडी किल्ला, मासुंदा तलाव, खाडीवरचा रेल्वेचा पूल, घोडबंदरची वाट. पूर्वी लोक अशी कार्डं गावोगाव पाठवायचे, आता हौशी लोक विकत घेऊन भिंतीवर लावतात. कारखानीस ती विकतात, पण एका अटीवर. विकलेलं कार्ड दर श्रावणात आठ दिवस माहेरपणाला परत आणायचं.

माजिवड्याच्या एका टॉवरमधल्या बाईंना ही अट माझ्यासमोर सांगितली, तेव्हा त्या बिचाऱ्या गोंधळल्या.

"म्हणजे भाड्याने देता का काका?"

"भाड्याने नाही. कार्ड तुमचंच."

"मग परत कशाला?"

"इतकी वर्षं या घरात वाढलं ते. एकदम तोडायचं कसं? आठ दिवस राहील, इतर कार्डांना भेटेल. तुम्हीच घेऊन यायचं, तुम्हीच घेऊन जायचं."

"आणि नाही आणलं तर?"

"तर मी येईन बघायला. सासरी कसं ठेवलंय ते."

बाईंनी कार्ड घेतलं आणि श्रावणात खरंच घेऊन आल्या. सोबत नारळाच्या वड्या! श्रावणातले ते आठ दिवस कारखानीसांच्या पायरीवर चपलांना जागा नसते. आत फक्त पोस्टकार्डं बघायची गर्दी, आणि कारखानीस प्रत्येकाला विचारतायत, "उन्हात नाही ना लावलंत? भिंतीला ओल नाही ना?"

"घाई कुणाला आहे?" हे त्यांचं आवडतं वाक्य. गिऱ्हाईकाने भाव विचारला की हेच. चहा उतू चालला की हेच. भावाची घासाघीस ते करतच नाहीत. एकदा भाव सांगतात आणि पंख्याकडे बघत बसतात. तुम्ही ओरडा, उठून जा, दारातून परत या, ते पंख्याकडेच. एक आकडा मागे सरकत नाहीत. सरकले तर खाली-वर कसेही सरकतात, पण तुमच्या घासाघिशीने नाही. गिऱ्हाईक म्हणालं, "हा पूल मी लहानपणी आजोबांसोबत बघितलेला," की लगेच भाव निम्मा. आणि कुणी "सो क्यूट" म्हणालं की दुप्पट.

त्यांचा आणखी एक छंद. फोटो काढणारा नेमका कुठे उभा होता, ती जागा शोधायची आणि तिथे जाऊन उभं राहायचं. एका कार्डाची जागा आता रिक्षा स्टँडच्या मधोमध आहे. मला तिथे घेऊन गेले आणि हातात कार्ड धरून उभे राहिले. मागे रिक्षांची रांग, हॉर्नवर हॉर्न.

"ओ काका, बाजूला व्हा ना! भाडं आलंय!"

"एक मिनिट. इथूनच काढलाय."

"काय काढलंय? कुणी?"

"फोटोग्राफरने. मी त्याच्या जागी उभा आहे."

"मग त्याला बोलवा ना काका, तुम्ही कशाला मरताय उन्हात!"

मी कारखानीसांना दंडाला धरून ओढलं. ते शांतपणे म्हणाले, "बाईसाहेब, तो दोन पावलं डावीकडे असणार."

ते मला बाईसाहेबच म्हणतात. पहिल्या भेटीपासून. त्या दिवशी ते स्टीलच्या डब्यात कार्ड घेऊन माझ्या दुकानात आले, जेवणाचा डबा आणावा तसे. फ्रेम करायची, पण डिंक लावायचा नाही, टेप लावायची नाही, मागची बाजू झाकायची नाही. मी म्हटलं, "मग काय हवेत तरंगवू?" ते म्हणाले, "जमलं तर बघा." त्या वेळी इतका राग आला मला! पण रागारागात मी दोन काचांच्या मध्ये कोपऱ्यांनी पकडलेली फ्रेम बनवली. आज माझ्याकडे त्याच फ्रेमसाठी लोक मुलुंडहून येतात. हे उपकार मी मान्य करते. तोंडावर केलेले नाहीत, इथे करते.

तर फसवणूक.

एका सोमवारी, माझं दुकान बंद असतं त्या दिवशी, मी तयार फ्रेम पोचवायला त्यांच्याकडे गेले. टेबलावर कार्डं पसरलेली. त्यात कल्याणचा काळा तलाव होता. छापील रंग उडालेले, पाणी हिरवं, आभाळ नारिंगी. आणि काठावर, नखाएवढी, एक बाई बसलेली. पुढ्यात शेंगदाण्याचा ढीग, ढिगावर निखाऱ्याचं मडकं. एक पाय दुमडलेला, एक गुडघा उभा, डावा हात तागडीवर, कुणी पळवेल म्हणून ठेवल्यासारखा.

माझी आई काळ्या तलावावर चणे-शेंगदाणे विकायची. मी शाळेत असतानाच ती गेली. तिचा एकच फोटो होता, तो आमच्या चाळीत पाणी शिरलं तेव्हा गेला. कार्डावरचा चेहरा म्हणजे नुसता ठिपका, आणि छापणाऱ्याने साडी गुलाबी केलेली. आईकडे गुलाबी साडी कधीच नव्हती. पण तसं बसायचं तिनेच. शेजारी तेलाचा उपडा डबा होता. तो माझा. त्यावर बसून मी अभ्यास करायचे. कार्डावर तो रिकामा आहे. मी शाळेत गेलेली असणार.

धंद्यातला माणूस अशा वेळी काय करतो? चेहरा कोरा ठेवतो. विकणाऱ्याला आपली गरज दिसली की भाव चढलाच. मी कार्ड दोन बोटांनी उचललं, नाक मुरडलं.

"हे काय, रंग पण गेलेत. कितीला देताय?"

कारखानीसांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं आणि असा भाव सांगितला की मी खुर्चीतून उठले.

"एवढ्यात मी तलाव विकत घेईन!"

"घ्या."

"निम्म्यात द्या."

ते पंख्याकडे बघायला लागले.

मी तरातरा निघून गेले आणि पुढच्या सोमवारी परत गेले. त्याच्या पुढच्याही. पैसे नव्हते असं नाही. पण सांगितल्या भावाने वस्तू घेणं म्हणजे मी मेल्यासारखंच. कधी ओरडायचे, कधी गोड बोलायचे. कारखानीस चहा टाकायचे, खारी काढायचे, मग भिंग माझ्या हातात द्यायचे. "नीट बघा तरी. घाई कुणाला आहे?" मी बघायचे. भाव करण्याच्या निमित्ताने दर सोमवारी आईला बघायचे. कधी तेही भिंगातून बघत म्हणायचे, "या बाई कडक असणार हो. मापात मारत नसतील, पण मूठभर जास्तही देत नसतील." मी म्हणायचे, "असेल, मला काय माहीत!" आणि मनात म्हणायचे, अगदी बरोबर.

अशी वर्षं गेली. मध्ये माझं दुकान वाढलं, पोरीचं लग्न झालं, कारखानीसांना काठी आली. तलाव काही विकला गेला नाही. मला वाटायचं, माझं नशीब, दुसरं गिऱ्हाईक नाही.

मग गेल्या महिन्यात निशांत दुकानात आला. टॉवरांच्या लॉबी सजवायचं काम करतो तो. जुन्या ठाणे-कल्याणची चित्रं माझ्याकडून फ्रेम करून घेतो.

"ताई, तुमचे ते अंकल एकदम सटकलेत यार," तो म्हणाला. "काळ्या तलावाचं कार्ड मागायला गेलेलो. त्यांच्या भावाच्या तिप्पट बोललो. नाही म्हणाले."

"का?"

"बोलले, एक बाईसाहेब दर सोमवारी ते घ्यायला येतात. ते दिलं की त्यांचं येणं संपेल."

माझ्या डोक्यात सणक गेली. फसवलं! मला! मी भाव पाडायला जात होते आणि हा माणूस मला बोलावून घ्यायला भाव चढा ठेवत होता! सोमवार नव्हता तरी तशीच रिक्षा करून नौपाड्याला गेले.

दार उघडल्या उघडल्या सुरू केलं. "माझ्या आईला ओलीस ठेवलंत तुम्ही!"

कारखानीस काठीवर वाकून उभे. "कुणाच्या आईला?"

"ती शेंगदाणेवाली! ती माझी आई आहे!"

त्यांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला. मग कपाटापाशी गेले, कार्ड काढलं, बटरपेपरमध्ये गुंडाळलं आणि माझ्यापुढे धरलं.

"न्या."

"किती?"

"काही नाही."

"फुकट? मी काय भीक मागायला आलेय? तुमचा भाव घ्या, पूर्ण!"

"बाईसाहेब, तुमच्या आईचा भाव मी कसा करू?"

"मग इतकी वर्षं केलात तो?"

"तो तलावाचा होता," ते म्हणाले. "मला वाटलं, तुम्हाला तलाव आवडतो. नाहीतर पहिल्याच दिवशी दिलं असतं."

मी नोटा टेबलावर ठेवल्या. त्यांनी त्या माझ्या पिशवीत कोंबल्या. मी काढल्या, त्यांनी परत कोंबल्या. आयुष्यात पहिल्यांदा मी भाव चढवत होते आणि पहिल्यांदाच हरले. त्यांनी माहेरपणाची अटसुद्धा घातली नाही.

मी चपला घालत होते. ते खिडकीपाशी जाऊन बाहेर बघत, मला नाही, स्वतःलाच म्हणाले, "सोमवारचं जास्तीचं दूध बंद करायला सांगितलं पाहिजे."

घरी येऊन मी कार्ड दोन काचांमध्ये बसवलं. आई माझ्या घरात आली. बायको जाऊन एक काळ लोटलेला, मूलबाळ नसलेला हा माणूस दर आठवड्याला माझ्या शिव्या खात तिची राखण करत होता. ओल लागू दिली नाही, ऊन लागू दिलं नाही, तिप्पट भावाला हलवलं नाही. माझ्या जवळच्या माणसांनीही माझी वस्तू एवढी सांभाळलेली नाही.

पण म्हणून मी सोडून देईन असं नाही. सोमवारी सकाळी दुधाची पिशवी घेऊनच गेले. कारखानीसांनी दार उघडलं. दाढी वाढलेली.

"आता काय राहिलं, बाईसाहेब?"

"जाब राहिलाय," मी म्हटलं आणि त्यांना ओलांडून आत जाऊन बसले. "मला नुसतं 'येत जा' म्हणायला काय झालं होतं तुम्हाला?"

"आणि तुम्हाला 'ही माझी आई' म्हणायला?"

"मी गिऱ्हाईक आहे. गिऱ्हाईकाला जाब विचारत नाहीत. उत्तर द्या."

ते पंख्याकडे बघायला लागले.

बघू देत. आज नाही तर पुढच्या सोमवारी विचारीन, नाहीतर त्याच्या पुढच्या. मी येतच राहणार आहे. पण कारखानीस, तुम्हाला उत्तर द्यावं लागेल.